ओलं गोणपाट

बोटाला बोट लागलं, चट्ट करून आवाज झाला आणि परवेजच्या हातातली चहाची बशी आब्बांच्या गोधडीवर उपडी झाली. झालं एवढंच. थंडीच्या दिवसांत कुणाच्याही घरात हे होतं. दाराच्या कडीला हात लावला तरी होतं, स्वेटर डोक्यावरून काढला तरी होतं. माणूस "आयला" म्हणतो, बोट झटकतो आणि कामाला लागतो. आब्बांनी बोट झटकलं नाही. त्यांनी हात काखेत दाबून धरला, पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकले आणि परवेजकडं बघत राहिले. गल्लीतलं रोजचं कुत्रं एकाएकी चावल्यावर माणूस त्याच्याकडं बघतो, तसं. मग सुनेला म्हणाले, "चावतो ह्यो. ह्याला भायेर काढ." आरफानं गोधडी पुसत म्हटलं, "आब्बा, परवेज हाय त्यो. पोरगा हाय तुमचा." आब्बांनी मान हलवली, पण ती कुठल्या अर्थानं हलवली ते कळायला मार्ग नव्हता. परवेज रिकामी बशी हातात धरून उभा राहिला. चाळिशी उलटलेला, पाण्याच्या पंपाच्या दोन मोटारी एका वेळी उघडून पुन्हा जोडणारा माणूस, आणि बापाला चहा पाजता येईना. आरफानं नवा चहा ओतला, आब्बांच्या ओठाला लावला, आणि ते शहाण्या लेकरासारखे प्याले. त्या पिण्याचा सुद्धा परवेजला राग आला. राग आला म्हणून लाज वाटली.

शुक्रवारी आरफा संगमनेरला जाणार होती. तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, चांगले आठ-दहा दिवस लागणार होते, आणि त्यात मागंपुढं करण्यासारखं काही नव्हतं. आईला दुसरी लेक नव्हती. म्हणजे शुक्रवारपासून घरात दोघंच. तो आणि आब्बा. दुपारचा एखादा घास शेजारच्या ताजबी मावशी भरवून जातील, पण सकाळ-संध्याकाळचं जेवण, गोळ्या, अंग पुसणं, रात्री कूस बदलणं, हे शेजारणीवर कसं टाकायचं? आणि ज्याच्या हाताला आब्बा भितात, त्याच्या हातून ते खाणार कसे? "खातील वो भूक लागल्यावर," आरफा म्हणाली, पण म्हणताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. गेल्या महिन्यात ती एक दिवस माहेरी जाऊन आली तेव्हा आब्बा दिवसभर तोंड मिटून बसले होते, हे दोघांनाही आठवत होतं.

जुन्नरहून मंचरच्या अलीकडच्या हॉटेलावर मोटरसायकलनं कामाला जायचं म्हणजे नायलॉनचं जाकीट पाहिजेच. नारायणगावपर्यंत गार वारा छातीत घुसतो, पुढं हायवेला कांद्याचे ट्रक अंगावरून गेले की तेवढीच ऊब. परवेज ह्या रस्त्यावर रोज विचार करायचा, आणि रोज तोच. आब्बांचं डोकं वर्षभरापासून उसवत चाललं होतं. जुन्या गादीचं होतं तसंच. एका कोपऱ्यात टाका सुटतो आणि मग कापूस कुठून कुठं सरकतो कळत नाही. आधी गल्लीतल्या माणसांची नावं गेली. मग अम्मी गेल्याचं विसरले आणि एक आठवडा तिला हाका मारत राहिले. घरात निम्मी हिंदी निम्मी मराठी बोलायची रीत, त्यातली हिंदी गेली, आणि गावोगाव फिरून "गादी भरून घ्याऽ, उशी भरून घ्याऽ" म्हणताना जी मराठी तोंडात बसली होती तेवढीच उरली. परवेजचं नाव गेलं तेही एकवेळ ठीक. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, आणि तेव्हापासून त्याच्या बोटाचा चटका तेवढा लक्षात राहायला लागला. बाकी सगळं विसरणारा माणूस हे एकच कसं विसरत नाही, ह्याचं परवेजला नवल वाटायचं. दुसऱ्या कुणाच्या बापाचं ऐकलं असतं तर तो हसला असता.

कामावर तरी सुख होतं म्हणावं, तर तिथंही तेच. महाळुंगे पडवळच्या भरतशेठनं हायवेवर हॉटेल काढलं होतं, आणि नुसत्या मिसळीवर गाड्या थांबत नाहीत म्हणून मागच्या हॉलमध्ये बोलिंग. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायचं तर, गुळगुळीत लाकडी लेनवरून जड चेंडू सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या केलेल्या पांढऱ्या पिना पाडायच्या. पाडणाऱ्याला टाळ्या. पडलेल्या पिना पुन्हा उभ्या कोण करतं? पडद्यामागं मशीन असतं, प्रत्येक पिनेच्या डोक्याला एक दोरी असते, मशीन दोऱ्या ओढून पिना वर घेतं आणि नीट ओळीत खाली ठेवतं. आणि मशीनच्या मागं परवेज असतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून भरतशेठनं त्याला उचलला तो ओळखीवर. "माझ्या लग्नाची गादी तुझ्या बापानं पिंजली राव," शेठ म्हणाले होते, "अजून दबली न्हाई. तुजं काम बी तसंच आसंल." काम तसंच होतं, पण थंडी आली आणि तीन नंबरचं मशीन भ्रमिष्टासारखं करायला लागलं. पिना उभ्या असताना पडल्या समजून उचलायचं. मधेच सोडायचं. दोऱ्या एकमेकींत गुंतून त्यांचा असा गुंडा व्हायचा की सोडवता सोडवता नाकी नऊ. समोर बर्थडेची पोरं "अंकल, क्या हुआ" करत बोंबलायची, आणि परवेज आत पालथा पडून पिना मोकळ्या करायचा. त्यातच कोपर फ्रेमला लागलं की चट्ट.

खोड काय आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चेंडू परत आणणारा रबरी पट्टा दिवसभर रुळांवर घासतो, नायलॉनच्या दोऱ्या चाकांवरून सरकतात, आणि हवा कोरडी असली की त्या घासण्याची वीज साचत जाते. तारेतली नव्हे, नुसती अंगावरची. तिला जमिनीत जायला वाट मिळाली तर ती गुपचूप जाते, नाही मिळाली तर जवळ जे असेल त्याच्यावर उडी मारते. तीन नंबरमध्ये ती कंट्रोल बोर्डावर उडी मारत होती आणि बोर्ड बिचारा भांबावून जात होता. सोमवारी परवेजनं त्यावर आपल्या डोक्यानं उपाय केला. किचनमधून कांद्याची रिकामी गोणपाटं मागून आणली, पाण्यात बुडवून पिळली आणि मशीनच्या मागच्या कठड्यावर वाळत घातल्यासारखी टाकली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्नरच्या दुकानात थंडीत आब्बा पिंजायला बसायचे तेव्हा पायाशी ओलं गोणपाट असायचंच. हवा कोरडी असली की कापूस ऐकत नाही. पिंजणीची तात, धनुकलीला ताणलेली ती दोरी, ठणठण वाजत असते आणि कापूस उडून भिंतीला, कपाळाला, दाढीला चिकटतो. झटकावा तितका जास्तच चिकटतो. मग आब्बा तातेवर मारायचा लाकडी दस्ता खाली ठेवायचे, दोन्ही तळवे गोणपाटावर दाबायचे आणि त्या ओलसर हातांनी कापूस गोळा करायचे, आणि तो मुकाट्यानं यायचा. शाळेतून आलेला परवेज दाराशी उभा राहिला की त्याच्या केसांवरून पण तोच गार हात फिरायचा. "लई कापूस लागलाय तुला," आब्बा म्हणायचे, "उडून जाशील एखादं दिशी." त्या हाताला ओल्या गोणपाटाचा कुबट वास असायचा. परवेज तोंड वाकडं करायचा, पण डोकं काही बाजूला घ्यायचा नाही.

गोणपाटांनी सोमवार तर निघाला. मंगळवारी दुपारी गोणपाटांचे धागे निघून पिना बघणाऱ्या सेन्सरच्या काचेवर बसले, काचेला दमटपणानं धुकं धरलं, आणि मशीनला उभ्या पिना दिसेनात की पडलेल्या दिसेनात. नव्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके आले ते वेगळेच. आगीतून फुफाट्यात. भरतशेठ मागं येऊन बघतात तर ही ओळीनं गोणपाटं. "परवेज, हितं काय म्हशी बांधायच्यात का?" ते ओरडले. "वास बघ की कसला मारतोय! लोक पैसे देऊन खेळाया येत्यात हितं." परवेजनं गोणपाटं काढली. बाकीची किचनला परत दिली, एक मोटरसायकलच्या सीटखाली कोंबलं. का कोंबलं, तर ते फाटकं होतं आणि किचनवाला घेईना. तापलेल्या डोक्यानं माणूस काय काय करतो, त्यातलंच ते एक.

तर बुधवारी, चहा सांडला त्या दिवशी, कामावर पोचताच त्यानं मुकाट्यानं पुण्याच्या कंपनीतल्या माणसाला फोन लावला. तो माणूस बरा होता, गोणपाटाचं ऐकून हसला नाही. म्हणाला, ओलावा पाहिजे हे बरोबर, पण मशीनच्या अंगावर नको, हॉलमध्ये पाहिजे. त्यासाठी वाफेचं यंत्र लावा. पट्ट्याला तांब्याच्या केसांचा ब्रश टेकवा, साचलेली वीज तो ओढून घेईल. पॉलिस्टरचे टीशर्ट घालून मशीनमध्ये जाऊ नका, सुती घाला. बोर्डाला बोट लावायच्या आधी दर वेळी फ्रेमला हात लावा, म्हणजे अंगात असेल ते उतरेल. आणि सगळ्यात आधी अर्थिंग बघा, कारण बाकी सगळं करून जमिनीत जायची वाटच बंद असेल तर काय उपयोग? परवेज फ्रेमची तार धरून भिंतीतून बाहेर, भिंतीमागून किचनच्या पाठीमागं गेला. तिथं अर्थिंगचा खड्डा होता, आत कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायचा पाइप, आणि खड्ड्याभोवती शेवंतीची रांग. खड्डा भाजलेल्या मडक्यासारखा कोरडा. पाणी रोज ओतायचं काम म्हाताऱ्या माळ्याचं, सावळेरामचं होतं, आणि त्यानं ते दिवाळीलाच बंद केलं होतं. "का, म्हनून काय इचारता भाऊ?" सावळेराम उलटाच तापला. "मिठाचं पानी मुळाला लागून दोन झाडं जळाली माझी. शेटनी बोलनी कुनाला ऐकवली? मला. तुमच्या त्या खड्ड्याला काय फुलं येनारेत का?" म्हातारा बरोबर बोलत होता आणि मशीनही बरोबर वागत होतं, घोडं अडलं होतं ते शेवंतीत. दोघांनी मिळून झाडं पलीकडं हलवली, खड्ड्यात नवं मीठ आणि कोळसा भरला आणि बादल्यांनी पाणी ओतलं. जमिनीनं ते घटाघटा पिऊन टाकलं. परवेज तिथं उकिडवा बसून बघत राहिला. इतके दिवस ही तहान कुणाला दिसली नव्हती, त्यालासुद्धा.

गुरुवारी ब्रश बसला, तार घट्ट झाली, आणि तीन नंबर दिवसभर गाईसारखं चाललं. काउंटरवर बूट देणारी यशोधरा मागं चहा घेऊन आली. लेण्याद्रीच्या पायथ्याकडची, जिभेला धार असलेली बाई, पण माणूस लाखातलं. तिनं कप पुढं केला आणि परवेजचा हात कपाच्या अलीकडं वीतभर थांबला. थांबला, आणि मग हळूच पुढं गेला. यशोधरा हसायला लागली. "भाऊ, कप हाय, इंचू न्हाई." परवेज म्हणाला, "शॉक बसतो ओ." "मशीनचा गेला ना? मग हाताचा कवा जानार? मी बघते ना, दार उघडायचं आसलं तरी तुमचा हात आधी बिचकतो. समोरच्याला वाटावं आपल्यालाच काय तरी झालंय. परवा त्या बारक्या पोराला बूट घालाया गेलात, तर त्येनं पाय मागं घेतला. शॉक बसायच्या आधीच घेतला." एवढं बोलून ती काउंटरला निघून गेली. तिच्या दृष्टीनं ती थट्टा होती. परवेजच्या हातातला चहा तसाच निवला. बुधवारची बशी त्याला पुन्हा दिसायला लागली. बशी नाही, बशीमागचा आपला हात. आब्बांचे डोळे त्या हातावर होते. तो हात पुढं आला, थबकला आणि मग पुढं आला. चोर तसा येतो. नाहीतर मारणारा. आब्बा डोक्यानं गेले असतील, डोळ्यांनी गेले नव्हते. जन्मभर कापसातली काडी टिपणारे डोळे ते.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं आरफा गेली. जाताना दारात म्हणाली, "दुधात भाकर कुस्करून द्या. घाई करू नका. आन् चिडू नका." परवेजनं त्या दिवशी सगळं नियमानं केलं. सुती सदरा घातला. जाकीट खुंटीला. हात ओले केले, पुसले नाहीत. खिडकीच्या गजाला तळवा लावला, जसा फ्रेमला लावतो. मग घास घेऊन आब्बांच्या लोखंडी खाटेपाशी गेला, आणि मनाशी घोकत गेला की थांबायचं नाही, थांबायचं नाही. आता बोला, जो माणूस थांबायचं नाही असं घोकतो, त्याचा हात थांबणारच. थांबला. चटका बसला नाही, आवाज झाला नाही, काही झालं नाही, तरी आब्बांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "चावतो," ते भिंतीला म्हणाले. परवेज ओरडला, "न्हाई चावत! आवो, न्हाई चावत आता!" त्या ओरडण्यानं आब्बांनी गोधडी डोक्यावर घेतली. भाकर दुधात फुगत गेली. दुपारी ताजबी मावशींचा फोन आला की दोन घोट पाणी तेवढं गेलं, गोळी थुंकून टाकली. इकडं कामावर तीन नंबरच्या मशीननं दिवसभर एक पिन चुकवली नाही. भरतशेठनं पाठ थोपटली. परवेजला वाटलं, ती शाबासकी काढून आब्बांनी तोंड फिरवलेल्या त्या भिंतीवर मारावी.

संध्याकाळी तो सुट्टी मागून लवकर निघाला. घरी येऊन सीट उघडली ती हातमोजे ठेवायला, तर आत ते गोणपाट. कांद्याचा वास, कुबट वास, दोन्ही. फेकायला म्हणून तो मोरीपाशी घेऊन गेला. फेकलं नाही. नळाखाली धरलं, भिजवलं, पिळलं, आणि काही ठरवल्याशिवाय आत नेऊन आब्बांच्या खाटेपाशी फरशीवर पसरलं. आब्बा पडल्या पडल्या बघत होते. दूध-भाकरीची वाटी शेजारी ठेवून परवेज त्या गोणपाटावर मांडी घालून बसला. घास घेतला नाही, हात पुढं केला नाही. दमला होता, खरंच दमला होता. विजारीतून गारवा वर चढत गेला आणि तो वास नाकात शिरला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. दुकान होतं तेव्हा संध्याकाळी ह्याच वासात तो भिंतीला टेकून पेंगायचा. तात ठणठण वाजत असायची. पेंगताना कधी भीती वाटल्याचं त्याला आठवेना. बाहेर सांजेची मगरिबची अजान झाली, गल्लीतून कुणाची तरी रिक्षा गेली. मग खाट करकरली. आब्बांचे पाय खाली आले होते. सुरकुतलेले, वाळून गेलेले पाय त्यांनी ओल्या गोणपाटावर ठेवले आणि अंगठ्यानं ते चाचपलं. परवेज हलला नाही. आब्बा वाकले, इतके दिवस आरफानं धरल्याशिवाय न वाकलेले आब्बा वाकले, आणि त्यांनी दोन्ही तळवे गोणपाटावर दाबले. दाबून धरले. पुरे ओले झाले असं वाटल्यावर उचलले आणि एक परवेजच्या डोक्यावर ठेवला.

हात गार होता. कपाळापासून मानेपर्यंत तो एकदा फिरला, मग पुन्हा फिरला, आणि केसांतलं काहीतरी चिमटीत धरून बाजूला ठेवल्यासारखं केलं. "लई कापूस लागलाय तुला," आब्बा म्हणाले. आवाज दुकानातलाच होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, मऊ. परवेजनं वाटीतला घास उचलून सरळ त्यांच्या तोंडाशी नेला. मधे कुठंही न थांबता नेला, पण हे त्याला नंतर कळलं. आब्बांनी तोंड उघडलं. चावत चावत ते त्याच्याकडं निरखून बघायला लागले, ओळखीचा टाका शोधत असल्यासारखे, आणि परवेज श्वास धरून बसला. आता नाव येईल. आता येईलच.

"कुनाचा रं तू?" आब्बांनी विचारलं.

परवेजनं दुसरा घास कालवला. त्याची बोटं दुधात थोडा वेळ नुसतीच फिरत राहिली.

"घरी कोन हाय तुज्या?"

"आब्बा हायेत," परवेज म्हणाला.

"मग हितं काय करतूस? अंधार पडला की," आब्बा म्हणाले, आणि त्यांचा हात अजून त्याच्या डोक्यावरच होता. "जा घरी. वाट बघत आसंल त्यो."

"जातो," परवेज म्हणाला. "तुमी एवढं खाऊन घ्या, मग जातो."

आब्बांनी तोंड उघडलं.